प्रसादाला वजन नसतं

एकदा एक तराजू होता. धान्य, कापूस, लोखंड असलं काही तोलणारा नव्हे; माणसं तोलणारा.

कुठल्या डोंगरावर, ते मला विचारू नका. नऊशे पायऱ्या चढून गेलं की देवीचं देऊळ, देवळापुढे फरसबंद अंगण, आणि अंगणात दोन दगडी खांबांवर आडवी टाकलेली सागवानी तुळई. तिला मधोमध दांडी टांगलेली, आणि दांडीच्या दोन टोकांना साखळ्यांनी बांधलेली दोन पारडी. नवस फेडायला आलेलं माणूस एका पारड्यात मांडी घालून बसे, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढत, आणि दोन्ही पारडी एका रेषेत आली की त्या माणसाची तुला झाली असं म्हणत. मग तो गूळ खोबऱ्याबरोबर प्रसाद म्हणून वाटला जाई. हिवाळ्यात सकाळी डोंगरावर धुकं असं उतरे की खांब दिसत नसत, साखळ्या दिसत नसत. नुसतं माणूस अधांतरी बसलेलं दिसे आणि कुठूनतरी लाकडाची करकर ऐकू येई.

तराजू सांभाळायला एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना सगळे तोलारबाबा म्हणत. मूळ नाव ठाऊक असलेली माणसं केव्हाच निघून गेली होती. बाबांची एक खोड होती. कुणालाही पारड्यात बसवण्याआधी ते दोन्ही पारडी रिकामी करत, झाडत, आणि डोळे किलकिले करून नुसते बघत उभे राहत. नवसकरी चुळबुळ करी, पुजारी खाकरत, बाबा मात्र ढिम्म. लाकूड ओल धरतं, साखळीला गंज चढतो. कुठलंसं पारडं कणभर तरी झुकलेलं असायचंच. मग बाबा कनवटीचा एखादा खडा काढून हलक्या पारड्याला बांधत. त्या खड्याला पासंग म्हणतात. ‘तू त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीस’ असं आपण म्हणतो ना, तोच हा पासंग. म्हणतो आपण सगळे, पाहिलेला असतो शंभरात एखाद्यानं.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी सुभाना नावाचा डोलीवाला राहत होता. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना डोलीत बसवून वर न्यायचं, हे त्याचं काम. पुढचा खांदा सुभानाचा, मागचा त्याच्या चुलतभावाचा, लुमाजीचा. चार दिवस डोली आणि दोन दिवस घरी, अशी पाळी असे. पाळीच्या दिवशी तीन खेपा होत. म्हणजे सत्तावीसशे पायऱ्या वर आणि सत्तावीसशे खाली, तेही खांद्यावर माणूस घेऊन.

तुम्ही म्हणाल, असा माणूस काटक असणार. तिथंच तर गंमत आहे. सुभाना चांगला सव्वादोन मणांचा गडी होता. पोट पुढे, गळ्याला वळी, आणि पायऱ्या चढताना श्वास असा वाजे की डोलीतलं माणूस काळजीनं विचारी, बाबा रे, मी उतरू का? लुमाजी मागून चिडवायचा, “दादा, मी रोज दोन डोंगर चढतो. एक पायाखालचा आणि एक डोळ्यांपुढचा.” सुभाना हसून सोडून देई. एवढं ओझं वाहणाऱ्याला खाल्लेलं काय बाधणार, असं त्याला मनापासून वाटे.

पण एका चैत्रात हसणं संपलं.

चैत्र पौर्णिमेला देवी पालखीत बसून पायथ्याच्या तळ्यावर स्नानाला जात असे आणि परत येताना नेढ्यातून वर येई. नेढं म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक. रोजच्या डोल्या त्याला वळसा घालून जात; पालखी मात्र त्यातूनच जायची, अशी रीत. एरवी पालखीला चार खांदे लागत, पण नेढ्यात एका वेळी एकच माणूस मावे. म्हणून तिथं पुढे एक आणि मागे एक. तो पुढचा खांदा पाच पिढ्या सुभानाच्या घराचा मान होता. त्या चैत्रात सुभाना नेढ्यात शिरला आणि अडकला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. वाजंत्री थांबली. पालखी थांबली. इतक्या वर्षांत देवी कधी वाटेत थांबली नव्हती. मागून कुणीतरी हसलं, आणि लोकांनी त्याला कमरेला धरून ओढून काढलं. मानकरी एकच वाक्य बोलले, “पुढल्या चैत्रात पालखी अडली, तर हा खांदा दुसऱ्या घराला जाईल.” सुभानाला आपले वडील आठवले. नेढ्यातून बाहेर पडताना ते पालखीच्या दांड्यावरून हात फिरवायचे, ते आठवलं. त्याला रडू आलं आणि ते त्यानं कुणाला दिसू दिलं नाही.

माणसाचं असं असतं की ठेच लागते चैत्रात आणि जाग येते मार्गशीर्षात. पावसाळाभर सुभाना ‘बघू, करू’ म्हणत राहिला. मग एका सकाळी त्याला उमगलं की हातात चारच महिने उरले आहेत. त्या दिवशी त्यानं बायकोला सांगून टाकलं, “गोजरा, आजपासून मला एकच भाकरी. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी.”

तो रोज पाच भाकऱ्या खायचा. गोजरानं तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याच्याकडे पाहिलं.

“अहो, एका काटकीवर हंडाभर पाणी तापतं का?”

“माझ्या अंगावर पुष्कळ सरपण आहे. ते जळू दे.”

“जळेल की. पण ओलं आहे ते,” गोजरा म्हणाली, “सावकाश जळेल.”

शहाण्या बायकोचं बोलणं नवऱ्याला कळायला मध्ये दुसरं कुणीतरी लागतं, हा जगाचा नियमच आहे. सुभानानं ऐकलं नाही. आठ दिवसांत त्याचे गाल बसले. दहाव्या दिवशी धोतराची गाठ चार बोटं आत आली आणि तो हरखून गेला.

बाराव्या दिवशी दाट धुकं होतं. डोलीत लांबच्या गावची एक म्हातारी बसली होती, मांडीवर नारळ घेऊन. सहाशे पायऱ्या झाल्या आणि सुभानाला एकाएकी फार बरं वाटू लागलं. अंग हलकं झालं. पायऱ्या जमिनीला टेकलेल्या नाहीत, धुक्यात एकीवर एक तरंगत आहेत, आणि आपण पाय उचलतच नाही, पायऱ्याच आपल्याखालून सरकत आहेत, असं त्याला वाटलं. कुठेतरी घंटा वाजत होती, की कानातच वाजत होती, कोण जाणे. आपण बारीक झालो, असं त्याच्या मनात आलं. इतक्यात गुडघा दुमडला.

डोली तिरपी झाली. मागून लुमाजीनं दांडा छातीवर घेतला, पाय रोवले आणि सगळा भार एकट्यानं पेलून धरला, म्हणून म्हातारी वाचली. तिच्या मांडीवरचा नारळ मात्र सुटला आणि पायऱ्यांवरून खाली गेला. टक, टक, टक. धुक्यात दिसत काही नव्हतं, आवाज मात्र कितीतरी वेळ येत होता. चढणारे, उतरणारे सगळे जागच्या जागी उभे राहून ऐकत होते. आवाज थांबला तेव्हा म्हातारीनं हात पुढे करून सुभानाच्या डोक्यावर ठेवला.

“लेकरा, जेवलास का तू?”

तिथून पुढे म्हातारीला दुसऱ्या जोडीनं वर नेलं. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यानं चुलीपाशी उभ्यानंच सात भाकऱ्या खाल्ल्या आणि मग तिथंच खाली बसून तो लहान मुलासारखा रडला. गोजरानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी घरची पाळी होती. सुभाना एकटाच पायऱ्या चढून तोलारबाबांसमोर जाऊन उभा राहिला.

“बाबा, मला शिष्य करून घ्या.”

“तोलाराचा शिष्य?” बाबा म्हणाले. “मला गूळ चढवता येतो आणि उतरवता येतो. तिसरं काही येत नाही.”

“मला माझं वजन उतरवायचं आहे. नाही उतरलं तर घराचा मान जातो. आणि उतरवायला गेलो तर काल एका म्हातारीचा जीव जात होता. मी काय खाऊ, काय सोडू, तेवढं सांगा.”

बाबांनी पारडी रिकामी केली, झाडली, आणि बघत उभे राहिले. सुभानाही उभा राहिला. धुकं एका पारड्यातून वाहत दुसऱ्या पारड्यात जात होतं. बऱ्याच वेळानं बाबांनी खडा बांधला, सुभानाला बसवलं आणि ढेपा चढवल्या. सव्वादोन मणांहून शेरभर जास्तच भरला तो.

“आता सांग, रोज काय खातोस?”

“पाच भाकऱ्या, कालवण, कांदा.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

बाबा आत गेले आणि एक रिकामं मडकं घेऊन आले. “पंधरा दिवस आधीसारखाच खा. कमी नको, जास्तही नको. फक्त ते ‘आणखी काही नाही’ आहे ना, त्याच्याइतकंच या मडक्यात टाकत जा.”

सुभाना मडकं हातात घेऊन बघतच राहिला. चार महिन्यांतले पंधरा दिवस पोटभर खाण्यात घालवायचे, आणि वर हे मडकं. म्हातारा चळला की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं. पण दुसरा उपाय सुचत नव्हता. त्यानं मडकं देवळाच्या ओटीवर ठेवलं आणि तो घरी परतला.

डोलीची पाळी सुरू झाली त्याच दुपारी पहिली अडचण आली. डोली वर पोचली, आणि पुजाऱ्यांनी रोजच्यासारखी गूळखोबऱ्याची मूठ सुभानाच्या हातावर ठेवली. ती तोंडात टाकताना त्याला मडकं आठवलं. हे धरायचं की नाही? त्या डोंगरावर एक म्हण होती, ‘प्रसादाला वजन नसतं.’ प्रसाद नाकारू नये, मागून घेऊ नये आणि जेवणात धरू नये, असं तिथं लहानपणापासून शिकवत. सुभाना थोडा वेळ घुटमळला. मग लुमाजीच्या वाटणीतून तेवढीच मूठ मागून त्यानं मडक्यात टाकली. दुसऱ्या खेपेला दुसरी मूठ. तिसऱ्या खेपेला कुणाचीतरी तुला झाली होती, तेव्हा मूठ मोठी होती. उतरताना एका नवसकरणीनं पेढा दिला. तोही प्रसादच.

अकराव्या दिवशी मडकं भरलं. गोजरानं घरून दुसरं पाठवून दिलं.

पंधराव्या दिवशी बाबांनी दोन्ही मडकी पारड्यात उपडी केली आणि तोललं. साडेचार शेर गूळ, खोबरं आणि पेढे.

“प्रसादाला वजन नसतं, असं तुम्ही लोक म्हणता,” बाबा म्हणाले. “मग मी तीस वर्षं माणसांच्या भारोभार काय चढवतोय?”

सुभाना वरमला. आपण हसावं की नाही, हे त्याला समजेना.

“आणि घरच्या पाळीला किती भाकऱ्या?”

“पाचच की.”

“त्या दिवशी कुणाला वर नेतोस?”

सुभानानं मान खाली घातली. पावसाळ्याचे चार महिने डोल्या बंद असतात. आपण अंगणात बसून पाऊस पाहायचो आणि पाच भाकऱ्या खायचो, ते सगळे दिवस त्याच्या डोळ्यांपुढून गेले.

“बस पारड्यात,” बाबा म्हणाले.

तो पाय काठाबाहेर सोडून बसला. समोर ढेपा चढल्या. पारडी एका रेषेत आली, सुभानाचे पाय जमिनीवरून सुटले आणि तो धुक्यात अलगद झुलू लागला. बाबा समोरच्या पारड्यापाशी गेले, आणि काही कळायच्या आत त्यांनी वरची अख्खी दहा शेरांची ढेप उचलून घेतली. सुभानाचं पारडं धाडकन फरशीवर आदळलं. मणक्यातून कळ गेली. देवळातली कबुतरं उडाली.

“बाबा, हे काय?”

बाबांनी ढेप परत ठेवली. पारडी पुन्हा एका रेषेत आली, पुन्हा सुभाना तरंगू लागला, आणि या खेपेस तो साखळ्या घट्ट धरून बसला. बाबांनी एका ढेपेचा मूठभर खडा फोडला आणि तेवढाच काढून घेतला. काही झालं नाही. सुभाना वाट पाहत राहिला. धुक्याचा एक पट्टा आला आणि गेला. देवळात कुणीतरी हलक्या आवाजात आरती म्हणत होतं. लाकूड करकरलं, थांबलं, पुन्हा करकरलं. सुभानाच्या हातांची पकड सैल झाली, डोळे मिटले गेले, आणि आपण किती वेळ असे बसून आहोत याचं भान राहिलं नाही. डोळे उघडले तेव्हा तळपाय गार फरशीला टेकले होते. केव्हा टेकले, ते त्याला कळलंच नव्हतं.

बाबा पारड्याच्या काठाशी बसले.

“दोन्ही वेळा तू खालीच आलास, सुभाना. एकदा आदळलास आणि एकदा उतरलास. वजन उतरवायचं असतं, बाळ. भाषेनं सांगूनच ठेवलं आहे, आपणच ऐकत नाही. एका पारड्यात तुझे कष्ट आहेत, दुसऱ्यात तुझं अन्न. अन्नाचं पारडं मूठभर हलकं ठेव, अंग आपोआप उतरेल. ढेपच उचललीस तर त्या पायरीवर झालं तेच होईल. आणि तुझ्या एकट्याच्या बाबतीत होणार नाही ते. डोलीत बसलेलं माणूस तुझ्या पायांवर चालत नाही, तुझ्या भाकरीवर चालतं. ओझ्याचं जेवण ओझ्याला देऊन टाकावं. त्यातून चोरू नये.”

“मग पंधरा दिवस तुम्ही मला नुसतं खायला का लावलंत?”

“मी तराजू आधी रिकामा का बघतो?” बाबांनी कनवटीचा खडा काढून त्याला दाखवला. “तो आधीच कुठं झुकलाय ते कळल्याशिवाय तोल कसला करायचा? तू पासंग न बघताच भाकऱ्या काढायला लागलास. झुकवत होता प्रसाद आणि शिक्षा केलीस भाकरीला.”

मग त्यांनी शिष्याला नेम घालून दिला. डोलीच्या दिवशी पाच भाकऱ्या, एकही कमी नाही. घरच्या दिवशी तीन. प्रसाद नाकारायचा नाही, पण कणभर जिभेवर ठेवायचा आणि बाकीचा मडक्यात. आणि दर पंधरवड्याला, सकाळी, अनशापोटी तराजूवर यायचं. मधल्या दिवसांत अंग किती उतरलं ते चाचपत बसायचं नाही.

सुभाना घरी गेला आणि गोजराला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

“म्हणजे मी म्हणाले तेच,” ती म्हणाली.

“तू फक्त ओल्या सरपणाचं म्हणालीस.”

“मग आणखी काय सांगितलं त्यांनी?” असं म्हणून ती भाकरी थापायला बसली.

त्या मडक्याचं पुढे काय करायचं, ते लुमाजीनं ठरवलं. साडेचारशेव्या पायरीवर विसाव्याचा दगड आहे. तिथं त्यानं मडकं ठेवलं आणि शेजारी पाण्याचा माठ. पायी चढणारे दमलेले लोक तिथं टेकत, गुळाचा खडा तोंडात टाकत, घोटभर पाणी पीत आणि पुन्हा धुक्यात शिरत. सुभानाला ते पाहून बरं वाटे. आपल्या पोटावर बसणारा गूळ या लोकांच्या पायांत जातो आहे, असं त्याला वाटे.

पहिल्या पंधरवड्यात तो दोन शेर उतरला. दुसऱ्यातही दोन. तिसऱ्यात आणि चौथ्यातही तसंच. पाचव्यात मात्र पारडी तिथल्या तिथे, काहीच नाही. सुभानाचा धीर सुटला. चैत्र जवळ आला होता, आणि रोज पहाटे त्याला स्वप्नात नेढं दिसे, दिवसेंदिवस लहान होत गेलेलं.

“बाबा, आता एकाच भाकरीवर येऊ का?”

“पुन्हा ढेप?” बाबा म्हणाले. “तू आठ शेरांनी हलका झालास. हलक्या अंगाला तोच डोंगर चढायला कमी लागतं. म्हणजे पारडी पुन्हा बरोबरीला आली, एवढंच झालंय. संध्याकाळची अर्धी भाकरी काढ. पाय थरथरले तर परत ठेव. ते मला विचारायला येऊ नकोस, पायांना विचार.”

अर्धी भाकरी निघाली. पाय थरथरले नाहीत. अंग पुन्हा उतरू लागलं, सावकाश.

चैत्र पौर्णिमा उजाडली. सुभाना एकूण नऊ शेर उतरला होता. गळ्याची वळी गेली होती, पोट बरंच आत आलं होतं; पण नेढं काही मापून पाहिलेलं नव्हतं. पालखीखेरीज त्यात कुणी पाऊल घालत नसे. नऊ शेर पुरे होतात की दहा लागतात, हे फक्त कड्याला ठाऊक होतं. त्यातून पौर्णिमेचा उपास. डोंगरावरचे बहुतेक लोक तो धरत. एक दिवस न खाल्ल्यानं पोट दोन बोटं तरी आत जाईल, आणि लोकही नावाजतील. सकाळी सुभाना चुलीपुढे बसला तेव्हा हे सगळं त्याच्या मनात होतं. आजच्या दिवशी चोरलं तर कोण विचारणार होतं?

गोजरानं साडेचार भाकऱ्यांतल्या सकाळच्या अडीच ताटात वाढल्या. ती तिथून उठली मात्र नाही.

सुभाना ताटाकडे बघत राहिला. त्याला दाट धुकं दिसलं, आणि खाली खाली जाणारा नारळाचा आवाज ऐकू आला. टक, टक, टक. लेकरा, जेवलास का तू? त्याचे डोळे भरून आले. त्यानं भाकरी मोडली आणि अडीचही खाल्ल्या, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत.

दुपार कलता कलता पालखी नेढ्यापाशी आली. वाजंत्री मंद झाली. चारातले दोन खांदे बाजूला झाले; पुढे सुभाना उरला, मागे लुमाजी. मानकरी दोन्ही बाजूंना उभे होते आणि कुणी हसत नव्हतं. सुभाना आत शिरला. दोन्हीकडून दगड आला. बंडी डावीकडे घासली, मग उजवीकडे घासली, आणि छातीपाशी दगडानं त्याला धरलं. क्षणभर सगळं थांबलं. गेल्या वर्षीची तीच जागा. मागून लुमाजीचा आवाज आला, अगदी हळू, “दादा, पाय कसे आहेत?”

“आहेत,” सुभाना म्हणाला.

पाय खरोखरच होते. पोटात भाकरी होती आणि पायांत ती उतरली होती. त्यानं श्वास सोडला, खांदा बोटभर खाली केला, आणि दुमडलेल्या गुडघ्यांवर सगळी पालखी तोलून धरून पाऊल पुढे टाकलं. उपाशी गुडघ्यांना ते पेललं नसतं. दगडानं बंडीची एक बटनपट्टी ठेवून घेतली आणि माणूस सोडून दिला. पलीकडे ऊन होतं. देवीपुढचा पाण्यानं भरलेला कलश थेंबभरही हिंदकळला नव्हता. सुभानानं पालखीच्या दांड्यावरून एकदा हात फिरवला, वडील फिरवायचे तसा, आणि तो रडला. या वेळी सगळ्यांना दिसलं, आणि त्यानं दिसू दिलं.

वर अंगणात तोलारबाबा नेहमीसारखे रिकाम्या पारड्यांकडे बघत उभे होते. सुभानानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पुजाऱ्यांनी गूळखोबऱ्याची मूठ त्याच्या हातावर ठेवली. त्यानं त्यातला कण जिभेवर ठेवला आणि बाकीचा प्रसाद उपरण्याच्या पदरात बांधला, विसाव्याच्या दगडापाशी न्यायला.

“चढलास?” बाबांनी विचारलं.

“नाही बाबा,” सुभाना म्हणाला. “उतरलो.”

आपल्या हातावरही दिवसातून चार वेळा कुणी ना कुणी वजन नसलेलं काहीतरी ठेवतंच. नाकारू नये. फक्त शेजारी एक मडकं असू द्यावं.